संबंधित विद्यार्थ्यांनी नोंद घ्यावी

मी अकरावी-बारावीला बुककीपिंग शिकवते. पण दहावीचा निकाल लागला की आमचे प्राचार्य मला बोलावून म्हणतात, "मॅडम, तुम्ही छान बोलता. प्रवेशाच्या खिडकीवर तुम्हीच बसा." या छान बोलण्यापायी गेली सहा वर्षं मी ठाण्यातल्या आमच्या ज्युनिअर कॉलेजच्या जिन्याखाली मे-जून काढते आहे. दारावर 'मार्गदर्शन कक्ष' अशी पाटी. एरवी त्या खोलीत कॅरमबोर्ड आणि फाटकी नेट ठेवतात.

2025 मध्ये निकाल 13 मेलाच लागला, म्हणजे घरातले हापूस संपायच्या आत. त्याच वर्षी अकरावीचे ऑनलाइन प्रवेश राज्यभर लागू झाले. आम्हा ठाणेकरांना त्याचं अप्रूप नव्हतं, मुंबई महानगरात ते आधीपासूनच होते. पण सावंतवाडीहून मावसबहिणीचा फोन आला, "तुमचं ते लचांड आता आमच्याकडे आलं गं!" जणू मीच एसटीत बसवून पाठवलं होतं.

प्राचार्य म्हणाले, यंदा विद्यार्थ्यांशी थेट संवाद साधायचा. मी ताबडतोब मेसेज लिहिला: "सर्व संबंधित विद्यार्थ्यांनी विहित मुदतीत अर्जाचा भाग 1 व भाग 2 भरून लॉक करावा व पसंतीक्रम काळजीपूर्वक नोंदवावेत." चौकशी करून गेलेल्या सगळ्या नंबरांवर पाठवला. दोन मिनिटांत उत्तर आलं, तेवढं एकच.

"मॅडम मी संबंधित आहे का?"

डीपीवर क्रिकेटची बॅट. आधी हसले. मग माझाच मेसेज मोठ्यानं वाचून पाहिला. 'विहित' हा शब्द मी जन्मात कधी तोंडानं उच्चारला नव्हता. घरी मी नवऱ्याला "विहित मुदतीत दूध आणावे" असं म्हणत नाही.

खिडकीवर निराळीच तऱ्हा. "सीट आहे का?" असं लोक एशियाडला विचारावं तसं विचारतात. एक बाई म्हणाल्या, "आम्हाला इनहाऊस कोटा मिळेलच. आम्ही नौपाड्यातलेच." इनहाऊस म्हणजे आमच्याच संस्थेच्या शाळेतली मुलं, हे सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की नौपाडा मीच विकून खाल्ला. नियमित फेऱ्यांआधी कोट्यातले प्रवेश होतात, तो झिरो राऊंड नापासांसाठी असतो का, असंही एका वडिलांनी हळूच विचारून घेतलं.

एका सकाळी आई, वडील, आजोबा आणि सगळ्यांच्या मागे पांढऱ्या शर्टातला मुलगा असं कुटुंब आलं.

"आम्हाला 78 टक्के पडलेत," आई म्हणाली. "आम्हाला कॉमर्स घ्यायचंय."

मी मुलाला विचारलं, "नाव काय रे तुझं?" तिघांनी एकदम सांगितलं. मुलगा बुटाकडे पाहत होता.

आजोबा 1972चे मॅट्रिक. "आमची मॅट्रिकच अकरावीला असायची. ती झाली की थेट कॉलेज. ही अकरावी तिथे कशी जाऊन बसली?" 10+2+3चा नवा आकृतिबंध आला आणि 1975 साली एसएससी दहावीला झाली, हे मी समजावलं. त्यांनी मान डोलावली आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला.

पण एक गोष्ट मुलाच्या डोक्यात शिरायलाच हवी होती. दहा कॉलेजांपर्यंत पसंती देता येते, पण पहिल्या पसंतीचं मिळालं तर प्रवेश घ्यावाच लागतो. नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्या विसरायच्या. मी उदाहरण दिलं, "समज, दहा स्थळं आहेत. एक नंबरवर जिचं नाव लिहिलंस तिनं होकार दिला, तर लग्न करावंच लागेल. दोन नंबरवालीनं दिला तर थांबून बघता येईल." आजोबा खो-खो हसले, आईनं पर्स घट्ट धरली, आणि मुलाचे कान लाल झाले. उदाहरण वाया गेलं असं वाटलं.

"आमचं एक नंबरला हेच कॉलेज," वडील म्हणाले. "स्टेशनपासून चालत येता येतं." कटऑफ विचारणाऱ्या दहांतल्या नऊ जणांना खरं तर हेच विचारायचं असतं. घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये एकदा अडकलेल्या माणसाला मी दोष देत नाही.

रात्री पावणेबाराला बॅट चमकली. "मॅडम मी सकाळी आलेलो. पांढरा शर्ट. आजोबा बोलत होते तो."

मग बराच वेळ 'टायपिंग'. मग: "मला दुसऱ्या कॉलेजला एक नंबर द्यायचाय. तिथे कॉमर्सला आयटी आहे. तुमच्याकडे नाही. चालेल का? घरी अजून बोललो नाही."

मी आमच्या कॉलेजच्या खिडकीवर बसते, पगार आमचं कॉलेज देतं. मी चार वेळा लिहून खोडलं आणि पाठवलं, "चालेल. पण लॉक करायच्या आधी घरी सांग. आधी आजोबांना सांग, ते हसतात."

'विहित' एकदाही आलं नाही.

पहिली यादी लागली त्या दिवशी प्राचार्यांनी विचारलं, "ते 78वाले इकडे येणार होते ना?" मी फाइल शोधू लागले. तेवढ्यात फोन वाजला.

"मॅडम मी संबंधित झालो!!! एक नंबरच लागला."

मी लिहिलं, "उक्त विद्यार्थ्याचे अभिनंदन."

"उक्त म्हणजे?"