भाचीची ॲडमिशन आणि टपरीवरचे प्राचार्य

अप्पाची भाची बारावी आर्ट्सला चांगली चमकली. आता तिच्यापुढे दोन वाटा आहेत: पुण्यातलं एक मोठं जुनं कॉलेज, नाहीतर बंगळूरचं अझीम प्रेमजी विद्यापीठ. दोन्हीकडे नाव लागलंय. ठरवायचं तिनं, पण अमळनेरात कुणाच्या पोरीची ॲडमिशन निघाली की टपरीवर बसलेला प्रत्येक जण प्राचार्य होतो.

बंटीनं सुरुवातच पुण्यापासून केली. एमपीएससीच्या नादात तो सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून आलेला. "भो, पुणं म्हंजे नुसतं कॉलेज नाही. सकाळी लेक्चर, दुपारी अर्थशास्त्राच्या गोखले इन्स्टिट्यूटमध्ये कुणाचं तरी व्याख्यान, संध्याकाळी नाटक. जुन्या पोथ्यांची भांडारकर संस्था 1917 पासून उभी आहे तिथं. त्या बंगळूरच्या बाहेर सर्जापूरला काय ठेवलंय?"

"भांडारकरमध्ये गेलता का कधी?" शेजारच्या झेरॉक्सवाल्या ताईंनी मशीनवरूनच विचारलं.

"बाहेरून पाहिली."

बापूंचा मुद्दा नावाचा. पुण्याचा शिक्का असला की मुलाखतीत समोरचा सरळ बसतो, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना त्यांचीच डिग्री आठवून दिली. ती पुणे विद्यापीठाची आहे, पण बापू शिकले ते इथल्या प्रताप कॉलेजात. 1990 मध्ये जळगावला आपलं विद्यापीठ झालं, तोवर सगळ्या खानदेशाचे पेपर पुण्याहूनच यायचे. बापूंनी पुण्यात पाय ठेवला तो थेट स्वतःच्या लग्नाच्या खरेदीला. आपल्याकडे डिग्रीवरचं विद्यापीठ पेपर कुणी काढला एवढंच सांगतं. शिकवलं कुणी, ते नाही सांगत. आता बरीच जुनी कॉलेजं स्वायत्त झालीत, पेपर स्वतः काढतात, पण एका तुकडीत शंभर-सव्वाशे पोरं असायची ती आहेतच.

मग सर बोलले. सर जवळच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतात, एरवी चहा संपेपर्यंत गप्प असतात. त्यांनी अमेरिकेतल्या विल्यम्स कॉलेजचं सांगितलं. 1793 सालचं, मॅसॅच्युसेट्सच्या डोंगरात, सगळी मिळून दोनेक हजार पोरं. तिथं एक प्रकार आहे: एक प्राध्यापक आणि दोनच विद्यार्थी. एका आठवड्याला एकानं निबंध लिहून आणायचा, दुसऱ्यानं त्याची चिरफाड करायची. पुढच्या आठवड्याला उलट. "मागच्या बाकावर लपायला मागचा बाकच नाही," सर म्हणाले. असल्या कॉलेजांत बहुधा पीएचडी चालतच नाही, त्यामुळे प्राध्यापकाला बीएचीच पोरं शिकवावी लागतात. मोठ्या विद्यापीठांत तोच प्राध्यापक संशोधनात बुडालेला, आणि पहिल्या वर्षाच्या वह्या पीएचडीचे विद्यार्थी तपासतात. आपल्याकडे त्या वळणाचं जे थोडंफार आहे, त्यात हे बंगळूरचं येतं. नाव विद्यापीठ, घडण निवासी कॉलेजची.

बंटी उसळला. "मग आपलं तालुक्याचं कॉलेजबी लहानच शे ना! घाला तिथंच. काबरं एवढ्या लांब?"

सर हसले, पण फारसे नाही. "माझ्या वर्गात पन्नास पोरं आहेत. पन्नास निबंध मी घरी नेऊन तपासले, तर त्याचे तास कोण मोजणार? मला पैसे मिळतात ते वर्गात उभं राहिल्याचे. सुट्टी लागली की तेही बंद."

यावर बंटीलाही बोलता आलं नाही. माझ्या मते सगळ्या वादाचा गाभा इथंच होता. कॉलेज लहान असून भागत नाही. पोरांचं लिखाण वाचत बसायला कुणीतरी पगारावर ठेवावा लागतो. आपल्या गावाला हे नवीन नाही खरं तर. इथले गिरणीमालक प्रतापशेठ, त्यांनी गिरणीच्या पैशातून 1916 मध्ये इथं तत्त्वज्ञान मंदिर काढलं, राहायची सोय आणि विद्यावेतन देऊन माणसं नुसती विचार करायला बसवली. कलकत्त्याचे तत्त्वज्ञ कृष्णचंद्र भट्टाचार्य 1930 नंतरच्या वर्षांत इथं संचालक होते. कुठं कलकत्ता, कुठं आपला बोरी नदीचा काठ!

"आणि त्या बंगळूरवाल्या प्रेमजींच्या कंपनीची सुरुवातबी इथलीच," अप्पा म्हणाला. "1945 ला वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, त्याचीच पुढं विप्रो झाली. गावात काहींनी शेअर धरून ठेवले. आमच्या आजोबांनी कपाशी धरून ठेवली."

ताई मात्र पुण्याकडे झुकल्या, आणि त्यांचं कारण बंटीच्या नाटकांपेक्षा जड होतं. "पोरगी इथं सतरा वर्षं कुणाची तरी मुलगी, कुणाची तरी भाची म्हणून वावरली. शहरात तिला कुणी ओळखत नाही, हीच मोठी गोष्ट. लहान आवारात चार वर्षं त्याच तोंडांसमोर काढायची म्हणजे पुन्हा गावच."

बापूंनी साने गुरुजींना मध्ये आणलं. 1924 ते 1930 गुरुजी इथं शाळेत होते, छात्रालयात पोरांचे कपडे धुवून ठेवायचे, वगैरे.

"ते गुरुजी होते, बापू. आताचे वॉर्डन कॅमेरे लावतात," ताई म्हणाल्या.

मला विचारलं तर मी अजूनही बंगळूरच म्हणेन, कारण पोरीचं अजून ठरत नाहीये. अर्थशास्त्र म्हणते, मध्येच इतिहास म्हणते. पुण्यात फॉर्म भरतानाच बहुतेक पाट आखला जातो. नव्या शैक्षणिक धोरणात मेजर-मायनर, म्हणजे मुख्य विषयासोबत दुसरा जोडविषय, आलेत, पण विषयाला शिक्षक असेल तरच तो विषय. अर्थशास्त्रच करायचं हे तिचं पक्कं असतं, तर मी बंटीच्या बाजूनं बसलो असतो.

पैशाचं गणित मात्र उलटंसुलटं आहे. पुण्याची अनुदानित बीएची फी किरकोळ, पण कॉट, मेस आणि शहर मिळून खिसा कापतं. बंगळूरचा राहण्या-जेवणासकट आकडा ऐकून दाजींना घाम फुटला. कोरडवाहू कापसावर तो झेपणारा नाही. पण तिथं घरचं उत्पन्न बघून मदत देतात, काहींना पूर्ण माफीही.

"त्याला उत्पन्नाचा दाखला लागेल," ताई म्हणाल्या. "दाजींच्या नावाचा काढला का?"

अप्पा चहाच्या ग्लासात बघायला लागला.

"आधी तलाठी, मग सेतू. आणि सेतूवर आत्ता ॲडमिशनवाल्यांची रांग आहे, सांगून ठेवते."

बंटीनं गाडीला किक मारली. "बस अप्पा, चाल. तलाठी जेवायला जाई आते."

"पण पुण्याचं ठरलं तर?" बापूंनी मागून आवाज दिला.

"तिथल्या स्कॉलरशिपलाही तोच लागतो," ताई म्हणाल्या आणि कुणाच्या तरी आधार कार्डाच्या कॉप्या काढायला वळल्या.