‘पाच वर्षांत बॅटरी भंगार’: इलेक्ट्रिक गाडीबद्दलच्या त्या मेसेजचा एकेक मुद्दा तपासून

घरात कुणी इलेक्ट्रिक कार घ्यायचं मनावर घेतलं की कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर तो मेसेज येतोच. शब्द बदलतात, मुद्दे तेच असतात: पाच वर्षांत बॅटरी बदलावी लागते आणि तिची किंमत गाडीच्या निम्मी, विजेचं बिल असं वाढतं की पेट्रोल परवडलं, घाटात ट्रॅफिकमध्ये एसी लावून अडकलात तर तासाभरात गाडी बंद, वीज शेवटी कोळशाचीच, मग प्रदूषण कुठं कमी झालं, आणि पावसात चार्जिंग म्हणजे शॉकला आमंत्रण.

यातले दोन मुद्दे अर्धवट खरे आहेत, बाकीचे चुकीचे. पण पहिल्यांदा ईव्ही घेणाऱ्याला ज्या गोष्टीचा सर्वात जास्त मनस्ताप होतो, तिचा या मेसेजमध्ये उल्लेखच नाही. ती म्हणजे पार्किंगमधला चार्जिंगचा पॉइंट आणि त्याचं अर्थिंग (गळणारी वीज जमिनीत नेणारी जोडणी).

‘पाच वर्षांत बॅटरी बदलावी लागते’

ही भीती हवेतून आलेली नाही. बेंगळुरूची रेवा २००१ साली आली तेव्हा तिच्यात लेड-ॲसिड बॅटऱ्या होत्या आणि त्या खरोखरच काही वर्षांत बदलाव्या लागत. पुढे निसानच्या लीफमध्ये लिथियम बॅटरी आली, पण ती थंड ठेवायला पाण्याची यंत्रणा नव्हती. अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या उन्हात २०१२ च्या सुमारास त्या गाड्यांची रेंज झपाट्याने घटल्याच्या तक्रारी आल्या. आजच्या गाड्यांना तोच नियम लावणं चुकीचं आहे. टाटाच्या नेक्सॉनसारख्या गाडीत बॅटरीभोवती कूलंट (थंड ठेवणारा द्रव) फिरतो, आणि बहुतेक कंपन्या बॅटरीवर ८ वर्षं किंवा १,६०,००० किमी वॉरंटी देतात. कितपत क्षमता शिल्लक राहील याची हमी, बहुधा ७० टक्के, त्यात लिहिलेली असते. गाडी घेताना वॉरंटीच्या पुस्तिकेतला हा आकडा स्वतः वाचा. गाडी विकल्यावर पुढच्या मालकाला वॉरंटी मिळते का, हेही त्यातच पाहा. रीसेलच्या वेळी यावरच भाव ठरतो.

साधा हिशोब करू. ४० युनिटच्या आसपास वीज साठवणारी बॅटरी एका पूर्ण चार्जमध्ये शहर-हायवे मिळून २५० किमी देते असं धरा. बॅटरीची १,५०० पूर्ण चक्रं (पूर्ण भरून पूर्ण वापरणं म्हणजे एक चक्र) धरली, आणि एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) प्रकारासाठी हा आकडा कमीच आहे, तरी ३,७५,००० किमी होतात. घरच्या वापरातली कार तेवढी चालत नाही. चक्रांपेक्षा वय आणि उष्णता बॅटरीला जास्त खातात. म्हणून १०० टक्के भरलेली गाडी एप्रिल-मे महिन्यात उघड्या उन्हात आठवडाभर उभी ठेवणं, हे खरं नुकसान.

इथे नव्या मालकाची एक नेहमीची गल्लत होते. ‘रोज ८० टक्क्यांच्या वर चार्ज करू नका’ हा सल्ला सरसकट दिला जातो, पण तो मुख्यतः एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) प्रकारच्या बॅटरीसाठी आहे. ह्युंदाई क्रेटा इलेक्ट्रिक आणि महिंद्रा एक्सयूव्ही ४०० मध्ये ती असते. टाटाची नेक्सॉन आणि पंच, एमजीची विंडसर यांत एलएफपी असते. एलएफपी सेलचं व्होल्टेज २० टक्क्यांपासून ८०-९० टक्क्यांपर्यंत जवळपास सपाट राहतं, त्यामुळे नक्की किती चार्ज उरला आहे हे बीएमएसला (बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेला) मधल्या पट्ट्यात नीट कळत नाही. एलएफपी बॅटरीला आठवड्या-पंधरवड्यातून एकदा स्लो चार्जरवर १०० टक्क्यांपर्यंत न्यायचं आणि चार्जिंग आपोआप थांबेपर्यंत काढायचं नाही. तेव्हाच सेल एका पातळीवर येतात आणि मोजमाप जाग्यावर येतं. हे महिनोन्‌महिने केलं नाही तर १५ टक्के दाखवणारी गाडी अचानक ५ वर येते. मग ‘बॅटरी गेली’ अशी ओरड होते, आणि बॅटरी मात्र धडधाकट असते.

‘बिल इतकं येतं की पेट्रोल परवडलं’

बिल वाढतं, यात वाद नाही. महावितरणच्या घरगुती दरांत १००, ३०० आणि ५०० युनिटचे टप्पे आहेत, आणि गाडीची युनिट्स वरच्या टप्प्यात जाऊन बसतात. तरी सर्वात वाईट बाजू धरून पाहा. महिन्याला १,००० किमी. गाडी १०० किमीला १४ युनिट खाते. चार्जिंगमध्ये १०-१५ टक्के वाया जातात, म्हणून मीटरवर १६० युनिट. वहन आकार, वीज शुल्क धरून प्रत्येक युनिटला १८ रुपये लावले तरी २,८८० रुपये. तेवढंच अंतर १५ च्या मायलेजने पेट्रोलवर कापायला ६७ लिटर लागतं, लिटरला १०४ रुपये धरले तर सुमारे ७,००० रुपये.

वरच्या टप्प्यातून सुटायचं असेल तर गाडीसाठी वेगळं मीटर मागता येतं. फेब्रुवारी २०२४ च्या ग्राहक हक्क नियमांतल्या दुरुस्तीने हा हक्क दिलेला आहे, आणि चार्जिंगसाठी महावितरणचा वेगळा दरवर्ग आहे. फायदा बराच घटतो तो फक्त एका ठिकाणी: घरी पॉइंट नाही आणि सगळं चार्जिंग रस्त्यावरच्या फास्ट चार्जरवर. तिथे युनिटला २० ते २५ रुपये सहज पडतात. अशा माणसाला आम्ही ईव्हीचा आग्रह करणार नाही.

‘घाटात अडकलात तर तासाभरात बंद’

उभ्या गाडीत मोटर वीज खात नाही. एसी सुरुवातीला केबिन थंड करताना ३ किलोवॉटपर्यंत ओढतो, मग १ ते १.५ किलोवॉटवर स्थिरावतो. ४५ युनिटच्या बॅटरीत ४० टक्के उरले असतील तर ती १८ युनिट; सहा तास अडकलात तरी निम्मी शिल्लक राहते.

चढाचंही मोजू. खोपोलीहून लोणावळा साधारण ५५० मीटर वर. माणसांसह १,६५० किलोची गाडी तेवढी उचलायला अडीच युनिट लागतात, मोटरमधला तोटा धरून पावणेतीन. म्हणजे सपाट रस्त्याच्या वीस किलोमीटरएवढे. उतरताना यातला निम्म्याहून थोडा जास्त भाग रीजनमधून (वेग कमी करताना मोटरच वीज बनवून बॅटरीत परत घालते, त्यातून) परत मिळतो. एक खबरदारी मात्र घ्या: लोणावळ्यात १०० टक्के चार्ज करून लगेच बोरघाट उतरू नका. भरलेल्या बॅटरीत वीज परत घालायला जागा नसते, रीजन जवळजवळ लागत नाही, आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ८५-९० वर थांबवा.

‘वीज कोळशाचीच, मग फायदा काय’

हा मुद्दा गांभीर्याने घ्यायला हवा, कारण तो निम्मा बरोबर आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकड्यांनुसार देशाच्या ग्रिडमध्ये एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. १०० किमीला १६ युनिट, म्हणजे ११-१२ किलो. पेट्रोल कारचे ६.७ लिटर जळून १५ किलो, शुद्धीकरण आणि वाहतूक धरून १८ च्या आसपास. फरक आहे, पण प्रचंड नाही. बॅटरी बनवतानाचे ३-४ टन भरून यायला ४० ते ६० हजार किमी लागतात. वर्षाला ५,००० किमी चालवणाऱ्याने पर्यावरणासाठी म्हणून चालू पेट्रोल कार काढून ईव्ही घेऊ नये. सिग्नलला उभी असताना गाडी धूर सोडत नाही, हा शहराचा फायदा मात्र पहिल्या दिवसापासून मिळतो.

‘पावसात चार्जिंग म्हणजे शॉक’

गाडी आणि चार्जर यांचं आधी आपसात बोलणं होतं. प्लग पूर्ण बसला आणि अर्थ मिळाला तरच वीज सुरू होते. चार्जिंगची गन (गाडीत खुपसायचा प्लग) ओली झाली म्हणून शॉक बसत नाही. धोका भिंतीकडच्या टोकाला आहे. खिडकीतून लोंबकळणारा एक्स्टेंशन बोर्ड, आणि पाण्यात पडलेला चार्जिंग केबलवरचा डबा, हे दोन प्रकार कधीही करू नका.

घरातला १५ अँपिअरचा पॉइंट गीझरसाठी असतो, आणि गीझर पाव तास चालतो. गाडी तोच प्रवाह सलग आठ तास ओढते. २.५ चौरस मिलिमीटरची वायर तापते, ढिल्या सॉकेटची पिन काळी पडते, मग प्लास्टिक वितळतं. त्यामुळे मीटरपासून थेट वेगळी लाइन ओढा: ४ चौरस मिलिमीटर तांब्याची, मीटर-रूम ४०-५० मीटर लांब असेल तर ६ ची. २० अँपिअरचा सी-कर्व्ह एमसीबी (जास्त प्रवाह गेला की लाइन तोडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरचा टाइप-ए आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच), आणि १६ अँपिअरचं इंडस्ट्रियल सॉकेट. ७.२ किलोवॉटचा वॉलबॉक्स (भिंतीवरचा चार्जर) बसवायचा असेल तर आधी वीजजोडणीचा मंजूर भार वाढवून घ्या. तो एकटाच ३२ अँपिअर ओढतो.

मग अर्थिंग. मल्टिमीटरने न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज मोजून घ्या, तेही लाइनवर गीझर किंवा इस्त्री चालू असताना. ३ व्होल्टच्या आत असेल तर उत्तम, ५ च्या वर गेलं तर कामाला लागा. जुन्या इमारतींत १५-२० व्होल्टही दिसतात, आणि चार्जर लाल दिवा दाखवून थांबतो. अशा वेळी काही इलेक्ट्रिशियन सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडून देतात. दिवा हिरवा होतो, चार्जिंग सुरू होतं. पण मागे कुठे न्यूट्रल तुटला तर गाडीच्या पूर्ण पत्र्यावर २३० व्होल्ट येतात आणि दाराला हात लावणारा माणूस त्यात सापडतो. हे कुणालाही करू देऊ नका. नवा अर्थिंग पिट (जमिनीतला अर्थिंगचा खड्डा) घ्या. सोसायटीची परवानगी, वायरिंग आणि हे मोजमाप बुकिंगची रक्कम भरण्याआधी उरकून घ्या, कारण गाडी दारात आल्यावर घाईत जुगाडच होतो.