म्हातारचळ म्हणून मोकळं होऊ नका

हॉलिवूडचा दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कोपोलाच्या 'मेगालोपोलिस' या सिनेमाला त्यावरच्या एका लेखात सरळ 'म्हातारचळ' म्हटलंय. घाई झाली जरा. पटकथा विस्कळीत, संवाद पोथी वाचल्यासारखे, उत्तरार्ध तर पार हातातून निसटलेला, सगळं मान्य. पण कित्येक वर्षं डोक्यात घोळणारी गोष्ट, वाइनच्या धंद्यातला हिस्सा विकून, सुमारे १२ कोटी डॉलर ओतून, ८५व्या वर्षी पडद्यावर आणणाऱ्याला निव्वळ गल्ल्यावर जोखायचं? सुरुवातीला नायक अ‍ॅडम ड्रायव्हर उंच इमारतीच्या कडेवर तोल जाता जाता काळालाच थांबवतो, तेवढं तरी बघा. लॉ कॉलेज रोडवर फिल्म अर्काइव्हमध्ये (राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात) याहून दुर्बोध सिनेमे माना डोलावत पाहणारे आपण पुणेकर, इथं मात्र पैसे वसूल झाले का विचारतोय! बाकी पात्रांना सीझर, सिसेरो, क्रॅसस अशी प्राचीन रोममधली नावं देण्याचं प्रकरण मलाही झेपलं नाही.