किडे मोजणं आणि बाटली भरणं: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

दगडाखालचे किडे मोजून मुळशीच्या एका ओढ्याचं पाणी किती स्वच्छ ते ठरवलेल्या माझ्या लेखाखाली तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. दगडाखालचे किडे मोजणं शाळेच्या प्रकल्पापुरतं ठीक, प्रदूषण सिद्ध करायला प्रयोगशाळेचा अहवालच हवा. शिवाय मी वापरलेला गुणतक्ता ब्रिटनचा, तो सह्याद्रीत कसा चालेल? बावीस वर्षं पाणी तपासलेल्या माणसाचा प्रश्न आहे, तेव्हा वरवरचं उत्तर देणार नाही.

तक्त्याचा मुद्दा आधी घेतो, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. मी वापरलेली बीएमडब्ल्यूपी ही गुणपद्धत ब्रिटनमध्ये १९७०च्या दशकात बसवली गेली. किड्यांच्या प्रत्येक कुळाला १ ते १० गुण. घाण जितकी कमी सोसवते तितके गुण जास्त. त्या तक्त्यात चतुरांच्या लिबेल्युलिडी कुळाला ८ गुण आहेत. आता आपल्याकडे पावसाळ्याच्या शेवटी मैदानावर थव्याने उडणारे पिवळसर चतुर आठवा. तेही याच कुळातले, आणि त्यांची पिल्लं साचलेल्या डबक्यातसुद्धा वाढतात. त्यांना ८ गुण देऊन ओढा स्वच्छ ठरवणं चूकच. स्टोनफ्लाय या स्वच्छ, वाहत्या पाण्यात वाढणाऱ्या किड्यांचं उलटं आहे. त्यांचे प्रकार आपल्याकडे मुळातच थोडे, म्हणून त्या दिसल्या नाहीत तर पाणी बिघडलं असं म्हणता येत नाही. त्यात आपले कितीतरी ओढे उन्हाळ्यात आटतात आणि जुलैच्या लोंढ्यात दगड धुऊन निघतात. यावर उपाय म्हणजे तक्ता आपल्या मातीत बसवणं. दक्षिण आफ्रिकेने त्याच मुळावरून आपली पद्धत बेतली, नेपाळने स्वतःची गुणपद्धत तयार केली, आणि आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही याच धर्तीवर पाण्याचे पाच जैविक वर्ग पाडले आहेत.

प्रयोगशाळेचा अहवालच हवा, हा मुद्दा मात्र मला पटत नाही. बाटली भरली त्या क्षणाचं पाणी बाटलीत येतं. तीन दिवस २७ अंशांवर ठेवून तुम्ही बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खाते ते, काढता, आकडा अचूक येतो, पण तो सकाळी अकराच्या पाण्याचा. रात्री दोन वाजता कुणी टाकी सोडली असेल तर ते पाणी केव्हाच पुढे गेलेलं असतं. दगडाखालचा किडा मात्र आठवडेच्या आठवडे तिथेच मुक्कामाला असतो. त्या ओढ्यात, त्याला येऊन मिळणाऱ्या नाल्याच्या वरच्या अंगाला मी थाळीएवढा दगड उलटला. त्याला मेफ्लाय या उडणाऱ्या किड्याची, पाण्यात वाढणारी पिल्लं चिकटलेली होती, चपटी, तीन शेपट्यांची. पाण्यात धरली की पोटाच्या दोन्ही कडांचे कल्ले फडफडताना दिसतात. नाल्याच्या खाली, दोनशे पावलांवर, तसाच दगड बुळबुळीत निघाला आणि त्याखाली फक्त कायरोनॉमस या डासासारख्या माशीच्या लालभडक अळ्या. तो लाल रंग हिमोग्लोबिनचा, म्हणूनच प्राणवायू संपत आलेल्या गाळातही त्या तग धरतात. पाणी वरून दोन्हीकडे सारखंच नितळ होतं.

इंग्लंडमधल्या केनेट नदीचं उदाहरण तर तुमच्या-माझ्या वादासाठीच घडल्यासारखं आहे. जुलै २०१३मध्ये मार्लबरोजवळ नेहमीप्रमाणे जाळी टाकणाऱ्या स्वयंसेवकांना नदीतले किडे आणि झिंग्यासारखे गॅमरस मेलेले आढळले. नदीचा सुमारे १५ किलोमीटरचा पट्टा उजाड झाला होता. त्यांनी कळवल्यावर सरकारी यंत्रणेने पाणी तपासलं आणि क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक सापडलं. विषाचं नाव किड्यांना सांगता आलं नसतं, ते प्रयोगशाळेनेच सांगितलं. पण बाटली कुठे आणि कधी भरायची, हे कुणी सांगितलं? कोर्टात अहवालच लागतो, मान्य. तो अहवाल योग्य दिवशीच्या पाण्याचा असावा, एवढ्यासाठी मी गुडघाभर पाण्यात उतरतो.

किडे मारता का, असंही तुम्ही शेवटी विचारलंत. नाही. पांढऱ्या ट्रेमध्ये ओळखून, मोजून लगेच त्याच जागी सोडतो, आणि ट्रे सावलीत ठेवतो.

लेखातला चतुरांचा ८ हा गुण आज काढून टाकला आहे आणि ओढ्याला दिलेला ‘उत्तम’ हा शेराही. त्या जागी आता नाल्याच्या वर किती कुळं मिळाली आणि खाली किती, एवढंच ठेवलंय.