प्रिंटर कुठला आहे?

गेल्या दसऱ्यापासून आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच विषय होता: झोहो, म्हणजे ईमेल आणि ऑफिसची सॉफ्टवेअर बनवणारी भारतीय कंपनी. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी आपण कामासाठी झोहोवर जात असल्याचं जाहीर केलं आणि मिरजेतल्या चुलतभावंडांत दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, आता सगळंच स्वदेशी करून टाकू, विंडोजसुद्धा नको. दुसऱ्याचं म्हणणं, मग सरळ विंडोजच्या जागी चालणारं लिनक्स घ्या, फुकट आहे. त्यावर धाकट्या काकांचा एका ओळीचा मेसेज आला, "विंडोजला तरी आपण कधी पैसे दिलेत?" पुढे अर्धा तास ग्रुपवर कुणी काही लिहिलं नाही.

काकांनी नेमकं दुखतं तिथेच दाबलं होतं. मी तेरा वर्षं म्युनिकमध्ये राहतेय. इथे मुक्त सॉफ्टवेअरचा, म्हणजे लिनक्ससारख्या ज्याचा कोड कुणालाही बघता-बदलता येतो अशा सॉफ्टवेअरचा, विषय निघाला की बोलणं पैशावरून सुरू होतं आणि लवकरच ताबा कुणाचा यावर येतं. आपल्याकडे 'फुकट' या शब्दाला वजनच नाही, कारण गल्लीतला कॉम्प्युटरवाला तीनशे रुपयांत विंडोज, ऑफिस, अँटिव्हायरस आणि वर दोन सिनेमे घालून देतो. फुकटाच्या स्पर्धेत लिनक्स तिथे आधीच हरलेलं आहे.

आणि स्वदेशीचं म्हणाल तर झोहो भारतीय आहे, पण त्याचा कोड खुला नाही. कुलूप देशी झालं, तरी किल्ली दुसऱ्याच्याच खिशात. तरी या तटाची धास्ती मला खोटी वाटत नाही. जुलै २०२५ मध्ये युरोपियन युनियनच्या निर्बंधांनंतर मायक्रोसॉफ्टने नायरा एनर्जीच्या सेवा थांबवल्या, तेव्हा भारतातल्या भारतात तेल शुद्ध करणाऱ्या कंपनीला स्वतःच्या ईमेलसाठी दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं. सेवा नंतर पूर्ववत झाल्या, पण जर्मनीत ती बातमी वाचून बऱ्याच जणांनी मान डोलावली. उत्तरेतल्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ मध्येच ठरवलं होतं की सरकारी कचेऱ्यांतले सुमारे ३० हजार संगणक आधी लिब्रेऑफिसवर (एमएस ऑफिसचा मुक्त पर्याय) आणि मग लिनक्सवर न्यायचे. त्यांची ईमेल हलवून झालीय. संगणकांचं काम चालू आहे.

जर्मनांचं कौतुक इथपर्यंतच, कारण मी ज्या शहरात राहते त्याने याच बाबतीत सपाटून मार खाल्लाय. म्युनिकच्या नगरपरिषदेने २००३ मध्ये लिनक्सवर जायचं ठरवलं. तेव्हा मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर स्कीइंगची सुट्टी अर्धवट टाकून महापौर ख्रिस्तियान ऊडे यांना भेटायला आले होते. दर कमी करून दिले, तरी शहर बधलं नाही. दहा वर्षांत सुमारे १५ हजार संगणक 'लिमक्स' नावाच्या स्वतःच्या आवृत्तीवर गेले. पुढे महापौर बदलले, तक्रारी वाढल्या आणि २०१७ मध्ये परिषदेने परत विंडोजवर यायचा ठराव केला. इथले लिनक्सप्रेमी अजूनही सांगतात की हे सगळं राजकारण होतं. थोडं असेलही. पण सल्लागारांच्या अहवालातसुद्धा मोठं दुखणं दिसलं ते विस्कळीत कारभाराचं: प्रत्येक खात्याचा आयटी विभाग वेगळा आणि बिघाड झाला तर जबाबदारी कुणाची हेच धड ठरलेलं नाही. कारकुनाचं पत्र छापलं जात नाही म्हटल्यावर त्याला तत्त्वज्ञान ऐकायचं नसतं.

हे मला दुरून कळलेलं नाही, स्वतःच्या हाताने करून कळलंय. २०१९ च्या सुट्टीत आप्पांच्या लॅपटॉपवर मी मोठ्या हौसेने लिनक्स मिंट ही लिनक्सची घरगुती वापराची आवृत्ती घातली. तीन संध्याकाळी खपून मराठी टायपिंग बसवलं. लिब्रेऑफिसमध्ये भाषा मराठी निवडली की ज्या फाँटमध्ये सोय आहे त्यात ल आणि श आपल्या वळणाचे दिसतात, हिंदी वळणाचे नाही, हेही त्यांना दाखवलं. आप्पा निवृत्त शिक्षक; ते बघून खूश झाले. लॅपटॉप भराभर चालू लागला. मग मी विमानात बसले.

आठ दिवसांत स्कॅनर अडला. त्यांच्या जुन्या फायली, म्हणजे सोसायटीची दहा वर्षांची इतिवृत्तं, युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या संगणकांवर मराठी सारखीच दिसायची सोय झाली त्याच्या, आधीच्या फाँटमध्ये होत्या. त्या उघडल्या की 'सर्वसाधारण सभा'च्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टक्क्याची चिन्हं. फाँट उचलून आणला असता तर निदान वाचता तरी आलं असतं, पण फोनवर हे कोण सांगणार आणि कोण करणार? आप्पांनी स्टेशन रोडच्या कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, "काका, हे काय घातलंय ह्यात?" आणि त्याला येत होतं ते त्याने केलं. डिस्क फॉरमॅट, वर विंडोज. आईच्या साठीचे फोटो त्यात गेले. बॅकअप मी घेतला नव्हता, त्यामुळे दोष त्याला कसा देऊ?

त्यानंतर म्युनिकमध्ये एक गोष्ट पाहिली. इथे ठिकठिकाणी 'रिपेअर कॅफे' भरतात. ॲमस्टरडॅममध्ये २००९ ला सुरू झालेली कल्पना, आता मोहल्ल्यामोहल्ल्यात आहे. लोक बिघडलेला टोस्टर, शिवणयंत्र, रेडिओ घेऊन येतात, जाणकार शेजारी बसून दुरुस्त करतात, पैसे ऐच्छिक. गेल्या वर्षी माझी चौऱ्याहत्तर वर्षांची शेजारीण आपला लॅपटॉप घेऊन गेली, मी सोबत होते. एक निवृत्त इंजिनिअर आजोबा टेबलामागे बसले होते. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो "प्रिंटर कुठला आहे?" हा. दुसरा, बँकेचं काम ब्राउझरवर करता की मोबाईलवर? तिसरा, अडलं तर फोन कुणाला कराल? मग पेनड्राइव्हवरूनच मिंट सुरू केलं, डिस्कला हातही न लावता. तिने आणलेल्या प्रिंटरवर एक पान छापून दाखवलं, आणि ते हातात पडल्यावरच विचारलं, "आता घालू का?" निघताना लॅपटॉपच्या झाकणावर आतल्या बाजूने एक चिठ्ठी चिकटवली. तिच्यावर त्यांचा फोन नंबर.

माझ्या तीन संध्याकाळींत या तीन प्रश्नांपैकी एकही नव्हता.

घरच्या वादात केरळचं नाव कुणी काढत नाही याचं मला नवल वाटतं. तिथल्या सरकारी शाळांत संगणक शिकवतात ते मुक्त प्रणालीवर, आणि २०१९ मध्ये काइट या सरकारी संस्थेने आपली लिनक्सची नवी आवृत्ती दोन लाखांच्या वर संगणकांसाठी काढली. परवान्याचे पैसे वाचले हे खरं, पण ते टिकलं कशामुळे? तिथे आधी शिक्षकांना शिकवलं म्हणून. वर्गात काही अडलं तर शेजारच्या वर्गातल्या बाईंना येत होतं. आपल्याकडे एमएस-सीआयटीने लाखो लोकांना माउस धरायला शिकवला, हे उपकार मोठेच. पण तो परिचय मुख्यतः विंडोज आणि एमएस ऑफिसचाच. बऱ्याच सरकारी नोकऱ्यांसाठी ते किंवा तसंच प्रमाणपत्र लागतं, म्हणजे सवयही सरकारनेच लावली म्हणायची. त्यात चार धडे लिब्रेऑफिसचे घालायला कुणाचा विरोध असणार आहे?

एक अडचण मात्र खरोखर यंत्रातली आहे, आणि ती लिनक्सवाल्यांनी मान्य करावी. इथे मी कर भरते तो एल्स्टर या सरकारी कर-संकेतस्थळावर, कुठल्याही ब्राउझरमधून. त्याचं फक्त विंडोजवर चालणारं जुनं सॉफ्टवेअर सरकारने काही वर्षांपूर्वी बंद करून टाकलं. आमच्या दादाचं हार्डवेअरचं दुकान टॅलीवर चालतं, आणि टॅली विंडोजवर. त्याला लिनक्स घे म्हणणं म्हणजे सीए बदल म्हणण्यासारखं आहे. मी म्हणत नाही.

दिवाळीला मिरजेला गेले तेव्हा विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपून आठवडाच झाला होता. आप्पांचा लॅपटॉप २०१६ चा, विंडोज ११ साठी अपात्र. युरोपात ग्राहक संघटनांनी ओरड केल्यावर घरगुती ग्राहकांना वर्षभराचे सुरक्षा अपडेट फुकट मिळाले. भारतात त्यासाठी सेटिंग्जचा बॅकअप मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ठेवा, नाहीतर मायक्रोसॉफ्टचे बक्षीस-गुण (रिवॉर्ड्स पॉइंट) खर्चा किंवा पैसे मोजा. यंत्र तेच आणि विंडोज तीच, फक्त पत्ता वेगळा.

मी स्टेशन रोडला गेले. त्याच दुकानात, तोच मुलगा. आता त्याच्या हाताखाली दोघे आहेत. त्याने मला ओळखलं. "ताई, तुम्हीच ना ते हिरवं पान घातलं होतं?" कोपऱ्यात अकरा जुनी मशिनं पडली होती. जबरदस्तीने विंडोज ११ घालता येतं, तो म्हणाला, पण पुढे अपडेट फसलं की गिऱ्हाईक शिव्या द्यायला माझ्याकडेच येतं. मी पेनड्राइव्ह काढला. दोन तास बसलो. दुकानातला लेझर प्रिंटर लगेच चालला, दुसरा हट्टाला पेटला, त्याचा ड्रायव्हर शोधण्यातच चहा गार झाला. शेवटी त्याने त्याला पडलेला खरा प्रश्न विचारला: सॉफ्टवेअर फुकट, मग घालायचे किती घेऊ? म्हटलं, तीनशेच घे. ते तुझ्या हातांचे आहेत. त्याला हे पटलं असं तोंडावरून दिसलं नाही.

जानेवारीत त्याचा मेसेज आला. पाच मशिनं केली, त्यातल्या दोन गिऱ्हाइकांनी परत विंडोज मागितलं, एकाला टॅली लागतं म्हणून आणि एकाला उगाचच. तिघं अजून आलेले नाहीत, म्हणजे चालू असावीत.

आप्पा मात्र वर्षभराच्या अपडेटवर विंडोज १० च चालवतायत. फोनवर मी विषय काढला तर म्हणाले, "तू घालायचं नाहीस. त्याला घालू दे. आणि आधी माझ्या प्रिंटरवर एक पान काढून दाखव म्हणावं."