हरवलेलं शोधणाऱ्या ग्रुपमध्ये ‘सापडलं नाही’ हीच सगळ्यात मोलाची नोंद

लॉस्ट मीडियाच्या, म्हणजे हरवलेले जुने कार्यक्रम, गाणी, फिल्म शोधणाऱ्यांच्या, ग्रुपवर हमखास येणारी पोस्ट अशी असते: “लहानपणी टीव्हीवर एक कार्टून लागायचं, त्यात लाल टोपीवाला मुलगा होता. कुणाला आठवतंय का?” खाली भराभर कमेंट पडतात. “हो हो, मलाही आठवतंय!”, चार-दोन अंदाज, दोन चुकीच्या लिंक. आठवड्याभरात पोस्ट तळाला जाते. सहा महिन्यांनी दुसरं कुणीतरी तेच विचारतं आणि सगळे पुन्हा त्याच जागा धुंडाळतात, कारण मागच्या वेळी कुठे काय पाहिलं ते कुणीच लिहून ठेवलेलं नसतं.

म्हणून माझं ठाम मत आहे की मॉडरेटरने भांडणं मिटवण्यापेक्षा जास्त वेळ शोधाची वही राखायला द्यावा. एका शोधाला एकच मुख्य पोस्ट आणि तिला जोडलेली एकच शीट. शीटमध्ये तारीख, कुणी पाहिलं, कुठे पाहिलं, नेमके कोणते शब्द टाकले, काय हाती लागलं. “यूट्यूबवर शोधलं, नाही मिळालं” ही नोंद धरायची नाही. कोणत्या भाषेत, कोणत्या स्पेलिंगने शोधलं? “१९८६चे पेपर पाहिले” म्हणजे कोणते महिने, कोणती आवृत्ती, टीव्ही कार्यक्रमांचं पान त्या स्कॅनमध्ये होतं का? यातली ओसीआरची, म्हणजे स्कॅनमधली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरची, गफलत तर नेहमीची. जुनी छपाई पुसट असते, ओसीआर नावांची वाट लावतं, आणि शब्द टाकून काही आलं नाही की लोक ‘त्या पेपरात नाही’ असं लिहून मोकळे होतात. शब्द टाकून शोधलं की पानं उलटून वाचली, हे वेगळं लिहायलाच हवं. दुसऱ्या प्रकारची नोंद झाली तरच ती जागा बंद समजायची.

डिलीट झालेल्या यूट्यूब व्हिडिओची जुनी लिंक मिळाली तर त्यातला ११ अक्षरांचा आयडी जसाच्या तसा शीटमध्ये उतरवा. तो वेबॅक मशीनवर (वेबसाइटची जुनी पानं जतन करणाऱ्या साइटवर) आणि साध्या सर्चमध्येही टाकून बघा. व्हिडिओ नसला तरी जतन झालेल्या पानावर शीर्षक, चॅनेलचं नाव, अपलोडची तारीख मिळू शकते, आणि तिथून पुढचा माग लागतो. आयडीतलं लहान-मोठं अक्षर बदललं की सगळं फुकट जातं, म्हणून तो कॉपीच करायचा, हाताने टाइप करायचा नाही.

पुढचा प्रश्न स्टेटसचा. माझ्या मते खाने चारच असावेत: हरवलेलं, अंशतः सापडलेलं, सापडलेलं, आणि ‘होतं याचाच पुरावा नाही’. चौथा खाना लोकांना आवडत नाही, पण ग्रुपची अब्रू त्यावर अवलंबून असते. छापील कार्यक्रमपत्रिका, त्या काळची जाहिरात, कॉपीराइटची नोंद, एखादा फोटो, यातलं काहीतरी हातात येईपर्यंत शोध चौथ्या खान्यातच राहू द्या, पन्नास जणांना आठवत असलं तरी. आणि संग्रहालयात व्यवस्थित ठेवलेली पण नेटवर नसलेली फिल्म हरवलेली नसते. तसंच फ्लॅश या जुन्या सॉफ्टवेअरवर ब्राउझरमध्ये चालणाऱ्या गेमचं. अडोबीने ३१ डिसेंबर २०२० नंतर फ्लॅशचा आधार काढला, पण गेमची एसडब्ल्यूएफ फाइल कुठे शिल्लक असेल तर रफलसारख्या एम्युलेटरमध्ये (फ्लॅशची जागा घेणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) ती बऱ्याचदा चालते. अशा पोस्टला उत्तर द्यायचं आणि ती बंद करायची.

आठवणींच्या बाबतीत मात्र फार जपून वागावं लागतं. आठवण एकमेकांकडून लागते. कुणीतरी आठवणीतून चित्र काढून टाकलं की दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांना तेच चित्र ‘आठवायला’ लागतं. म्हणून नवा साक्षीदार आला की त्याला आधी मेसेजमध्ये विचारा: साधारण कोणतं साल, कोणत्या भाषेत, दिवसाच्या कोणत्या वेळी, टीव्हीवर की कॅसेटवर, कोणतं दृश्य. प्रत्येक उत्तरापुढे ‘नक्की’, ‘बहुतेक’ किंवा ‘ऐकीव’ लिहून घ्या. हे झाल्यावरच त्याने थ्रेड वाचावा. “टोपी लाल होती ना?” असा प्रश्न विचारायचाच नाही. “डोक्यावर काही होतं का?” असं विचारायचं. मूळ पोस्टमधला एखादा बारीक तपशील मॉडरेटर मंडळींनी आपल्यापाशीच ठेवावा. “माझ्याकडे टेप आहे” म्हणणाऱ्याला तो विचारता येतो.

कारण खोट्या क्लिप येतातच. एआयने तर त्या करणं फारच सोपं झालंय. ऑडॅसिटी किंवा तत्सम ध्वनी-संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजातल्या कंपनसंख्यांचं चित्र, उघडून बघायची सवय दोन-तीन मॉडरेटरना तरी हवी. जुन्या ट्यूबच्या टीव्हीजवळ माइक धरून केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये पाल या प्रक्षेपण पद्धतीत (भारतात हीच होती) १५,६२५ हर्ट्झला आणि अमेरिका-जपानच्या एनटीएससीत साधारण १५,७३४ हर्ट्झला बारीक सरळ रेष दिसू शकते. पाल देशातलं प्रक्षेपण म्हणून आलेल्या क्लिपमध्ये एनटीएससीची रेष दिसली की प्रश्न विचारायला जागा होते. साधारण १६ किलोहर्ट्झच्या वर सगळं कापल्यासारखं काळं असेल तर फाइल कधीतरी १२८ केबीपीएसच्या एमपी३मधून गेली असण्याची दाट शक्यता. ‘मास्टर टेपवरून थेट’ असा दावा असेल तर तो तिथेच डळमळतो. पण रेष नाही म्हणजे खोटं, असा उलटा निष्कर्ष काढू नका. टेपवर, कॉम्प्रेशनमध्ये ती सहज नाहीशी होते.

संशयाचंही प्रमाण राखायला हवं. २०२१ मध्ये नेटवर आलेली १७ सेकंदांची एक गाण्याची क्लिप लोक तीन वर्षं शोधत होते. या काळात खोट्या पूर्ण आवृत्त्या आल्याच, शिवाय क्लिप टाकणाऱ्यावरच बनावटीचा आरोप झाला. एप्रिल २०२४ मध्ये गाणं सापडलं ते १९८६च्या एका प्रौढांसाठीच्या चित्रपटात. क्लिप खरीच होती. तेव्हा ‘पडताळणी बाकी’ असं लिहा. ‘लबाड’ हा शब्द ग्रुपवर कुणासाठीही चालू देऊ नका.

कुठे शोधायचं याबद्दल एकच आग्रह: वस्तू कुठे बनली याच्याइतकंच ती कुठे कुठे पाठवली गेली, याचा कॉलम ठेवा. १९२७च्या ‘मेट्रोपोलिस’ या जर्मन मूकपटाचे कापलेले बहुतेक भाग २००८ मध्ये ब्युनोस आयर्सच्या संग्रहालयात १६ मिलिमीटरच्या प्रतीत मिळाले. बीबीसीने स्वतःच्या टेप पुसल्या होत्या, पण ‘डॉक्टर हू’ या तिच्या मालिकेचे हरवलेले ९ भाग नायजेरियातून परत आल्याचं २०१३ मध्ये जाहीर झालं, कारण परदेशी केंद्रांना फिल्मवर प्रती विकल्या गेल्या होत्या.

आता ज्यावर मी सगळ्यात कडक आहे ते: बाहेरच्या माणसांशी संपर्क. निवृत्त झालेल्या अ‍ॅनिमेटरला एका रात्रीत साठ मेसेज गेले तर तो कायमचा दार लावून घेतो, आणि ते बरोबरच आहे. एका माणसाशी ग्रुपमधून एकानेच बोलायचं. आधी शीटमध्ये नाव लिहायचं, मगच ईमेल. ईमेल छोटा ठेवायचा: आपण कोण, कोणत्या कामाबद्दल विचारतोय, एकच प्रश्न, आणि उत्तर जाहीर केलं तर चालेल का. तीन आठवडे वाट बघा, एकदा आठवण करून द्या, मग थांबा. सार्वजनिक पत्त्यावरच लिहायचं. घरचा फोन शोधून काढणं, नातेवाइकांना गाठणं, हे करणाऱ्याला पहिल्याच वेळी बाहेर काढावं. नकार मिळाला तर शीटमध्ये ‘नकार, पुन्हा संपर्क नाही’ असं लिहा, म्हणजे वर्षभराने आलेला नवा सदस्य पुन्हा त्याच दारात जाऊन उभा राहणार नाही.

आणि कुणाकडे खरोखर टेप निघाली तर? पहिला मेसेज हाच: अजून लावून बघू नका. आधी कॅसेटच्या दोन्ही बाजूंचे, कण्याचे आणि लेबलचे फोटो काढायला सांगा. व्हीएचएस असेल तर कण्यावरची रेकॉर्डची टॅब तुटलेली नसल्यास ती काढून टाकायला सांगा, म्हणजे चुकून वर रेकॉर्ड होणार नाही. कॅसेटच्या खिडकीतून रिळावर पांढुरकी बुरशी दिसली तर टेप मशीनमध्ये घालायचीच नाही. हेड खराब होतात, बुरशी पुढच्या टेपला लागते. अडगळीतला व्हीसीआर वापरायचा मोह सगळ्यांना होतो, आणि टेप चावली जाते ती तिथेच. आधी बिनकामाची टेप लावून मशीन तपासावं, किंवा सरळ जाणकाराकडे द्यावी. टेपवरून कॉम्प्युटरवर घेताना कॅप्चर इंटरलेस्डच (एकाआड एक ओळींचं, टेपवर असतं तसंच) ठेवायचं, पाल असेल तर ७२० बाय ५७६, शक्यतो एफएफव्ही१सारख्या लॉसलेस, म्हणजे दर्जा न घटवणाऱ्या, कोडेकमध्ये. एआयने ‘स्वच्छ’ केलेली प्रत हवी तर वेगळी काढा, पण जतन करायची ती मूळ. फाइल तयार झाली की तिचा एसएचए-२५६ हॅश (फाइलमधून काढलेला, तिचा बोटाचा ठसाच म्हणावा असा आकडा) शीटमध्ये टाका. वर्षभराने कुणी ‘पूर्ण आवृत्ती’ म्हणून बदललेली फाइल फिरवली तर लगेच कळतं. टेपसाठी आगाऊ पैसे मागणाऱ्याची पोस्ट मात्र राहू देऊ नये.

काही शोध ग्रुपवर घ्यायचेच नाहीत. खऱ्या माणसाच्या मृत्यूचं किंवा अत्याचाराचं चित्रण ‘हरवलेलं’ असलं तरी त्यामागे एक कुटुंब असतं. मुलांच्या लैंगिक शोषणाचा संशय असलेलं काहीही आलं तर पडताळणीसाठीसुद्धा उघडू, उतरवू किंवा पुढे पाठवू नका. प्लॅटफॉर्मला आणि पोलिसांना कळवा.

शोध लागला की मुख्य पोस्ट बदला: कुठे, कुणामुळे, कोणत्या पुराव्याने. श्रेय देताना ज्याने सहा महिने वर्तमानपत्राची पानं उलटून “इथे नाही” एवढंच लिहिलं, त्याचंही नाव, त्याची हरकत नसेल तर, वर घ्या. शीट गोठवा, पण पुसू नका. एका कार्यक्रमासाठी वाचलेल्या त्याच पानांवर दुसऱ्या कुणाच्या हरवलेल्या कार्यक्रमाची वेळ आणि तारीख छापलेली असते.