रेडिएशनपासून वाचवणारं पेंडंट आणि तो फिरणारा मेसेज

‘रेडिएशनचं भयानक सत्य, डॉक्टर कधीच सांगणार नाहीत’ असा मथळा असलेला मेसेज सध्या नाशिकच्या ग्रुपांवर फिरतोय. सोसायटीच्या ग्रुपवर आला, भिशीच्या ग्रुपवर आला, तेव्हा मी सोडून दिला. पण तो पंचवटीतल्या माझ्या मावशीपर्यंत पोचला. स्तनात गाठ हाताला लागली म्हणून डॉक्टरांनी तिला मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, लिहून दिली होती. मेसेज वाचून तिने ती पुढे ढकलली आणि गळ्यात एक पेंडंट घातलं. मी स्वतः एक्स-रे टेक्निशियन आहे. रोज छातीवर टीएलडी बॅज, म्हणजे अंगावर पडलेलं रेडिएशन नोंदवणारा बिल्ला, लावून काम करते. दर तीन महिन्यांनी तो तपासायला जातो आणि मला किती डोस मिळाला त्याचा आकडा कागदावर येतो. त्यामुळे या विषयावर आता मी गप्प बसणार नाही.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: एक्स-रे, मॅमोग्राफी, सीटी यांचं रेडिएशन अंगात साठत जातं आणि कॅन्सर करतं. केरळच्या किनाऱ्यावर किरणोत्सर्गी वाळू आहे, म्हणून तिथे घरटी कॅन्सर आहे. लासलगावला ‘रेडिएशन मारलेला’ कांदा आपल्या पोटात जातो. मोबाइल टॉवर म्हणजे गल्लीतलं चेर्नोबिल. आणि या सगळ्यावर उपाय काय, तर ‘निगेटिव्ह आयन’ (ऋण विद्युतभार असलेले हवेतले कण) सोडणारं पेंडंट चोवीस तास गळ्यात ठेवायचं. खाली फोन नंबर.

मी शेवटून सुरुवात करते, कारण सगळा मेसेज त्या फोन नंबरासाठीच लिहिलेला आहे.

मावशीने हे पेंडंट गंगापूर रोडवरच्या एका हॉलमधल्या मीटिंगमध्ये घेतलं. तिथे तिला दोन्ही हात पसरून एका पायावर उभं केलं, हात खाली दाबला, तिचा तोल गेला. मग पेंडंट घालून पुन्हा दाबला, तोल गेला नाही. टाळ्या! अहो, दुसऱ्या वेळी माणूस सावध असतो, आणि दाबणाऱ्याने हात किंचित अंगाकडे दाबला की तोल जातच नाही. घरी दोघं मिळून करून बघा, पेंडंटऐवजी खिशात खडू ठेवा.

पण फसवणूक एवढ्यावर थांबली असती तर नुसते पैसे गेले असते. ‘निगेटिव्ह आयन’ चोवीस तास, बॅटरीशिवाय, वर्षानुवर्षं बाहेर पडतात कुठून? हवेचे आयन करायला ऊर्जा लागते. ती देण्यासाठी अशा वस्तूंमध्ये थोरियम किंवा युरेनियम असलेल्या खनिजांची पूड मिसळतात. म्हणजे रेडिएशनपासून वाचवणारं पेंडंट स्वतःच किरणोत्सर्गी! डिसेंबर २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा प्राधिकरणाने अशा दहा वस्तूंची नावं जाहीर करून त्यांची विक्री थांबवली. त्यांत गळ्यातली पदकं होती, डोळ्यांवर बांधून झोपायची पट्टी होती, लहान मुलांचं ब्रेसलेटसुद्धा होतं. मोजलेली पातळी कमीच होती, पण वर्षभर चोवीस तास अंगावर ठेवली तर त्वचेसाठी ठरवलेली मर्यादा ओलांडली जाऊ शकते, म्हणून वापरू नका, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

मावशीचं पेंडंट मी न्यूक्लिअर मेडिसिनमधल्या एका मित्राकडे नेलं. काळं, गुळगुळीत, गोल, मधे सोनेरी नक्षी. त्याने गायगर काउंटरचं, म्हणजे रेडिएशन मोजणाऱ्या यंत्राचं, तोंड त्याच्याजवळ नेलं आणि संथ चाललेली टिकटिक एकदम सलग कडकडाटासारखी झाली. बाजूला नेलं की पुन्हा संथ. हे ती झोपेतही गळ्यात घालत होती, ज्या छातीत गाठ आहे त्याच छातीवर!

आता केरळ. कोल्लम जिल्ह्यातल्या करुनागप्पल्लीच्या किनाऱ्यावरच्या वाळूत मोनाझाइट नावाचं खनिज आहे आणि त्यात थोरियम आहे, हे खरं. गंमत बघा, ज्या थोरियमच्या नावाने तिसऱ्या ओळीत घाबरवलं, तसलंच पेंडंटात घालून शेवटच्या ओळीत विकलं. पण ‘घरटी कॅन्सर’ हे कुठून काढलं? तिथे जेवढा नेटाने अभ्यास झालाय तेवढा जगात थोड्या ठिकाणी झाला असेल. तिरुवनंतपुरमच्या प्रादेशिक कर्करोग केंद्राने घरोघरी जाऊन घराच्या आतलं-बाहेरचं रेडिएशन मोजलं आणि कॅन्सरच्या नोंदी त्याच्याशी ताडून पाहिल्या. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ६९,९५८ माणसांचा सरासरी साडेदहा वर्षं पाठपुरावा होता. घराबाहेरची पातळी साधारण वर्षाला ४ मिलिग्रे (ग्रे हे रेडिएशनच्या डोसचं एकक), काही ठिकाणी त्याच्या कितीतरी पट. रेडिएशन जास्त तिथे कॅन्सर जास्त, असं त्यात दिसलं नाही. ज्यांना मुद्दा मांडायचाय त्यांनी आधी हा अभ्यास खोडून दाखवावा.

लासलगावचा मुद्दा तर आपल्याच जिल्ह्यातला, त्याबद्दल तरी नीट माहिती असायला हवी. तिथलं ‘कृषक’ हे भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेलं विकिरण केंद्र २००२ पासून आहे. कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांसमोरून कांदा जातो आणि त्याला कोंब फुटणं थांबतं. २००७ पासून हापूस अमेरिकेला जातो तोही विकिरण करूनच. कांद्याला त्या किरणांचा मारा बसतो, पण कांदा किरणोत्सर्गी होत नाही. कोबाल्टच्या गॅमा किरणांत तेवढी ऊर्जाच नसते. पुढे.

टॉवरवर मी फार शब्द घालवणार नाही. त्याच्या लहरी अणूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढू शकत नाहीत, एक्स-रे आणि थोरियमची किरणं काढतात, आणि कॅन्सरची भीती आहे ती त्यामुळेच. दोन्हींना ‘रेडिएशन’ म्हणतात म्हणून दोन्हींचा परिणाम एक होत नाही.

राहिली तपासणी, जिच्यासाठी हे सगळं लिहायला बसले. एक्स-रे अंगात साठत नाही. दिव्याचं बटण बंद केल्यावर खोलीत उजेड उरत नाही, तसंच मशीन बंद झाल्यावर काही उरत नाही. साठते ती जोखीम, आणि इथे मेसेजमध्ये अर्धं सत्य आहे, ते मला नाइलाजाने का होईना मान्य करावं लागेल. अगदी कमी डोससुद्धा पूर्ण निर्धोक आहे असं कोणी छातीठोकपणे सांगत नाही. फ्रान्स, ब्रिटन आणि अमेरिकेतल्या तीन लाखांवर अणुउद्योग कामगारांच्या २०२३ सालच्या अभ्यासात थोड्या थोड्या डोसनेही कॅन्सरच्या मृत्यूंची शक्यता किंचित वाढलेली दिसली. केरळमध्ये दिसत नाही, तिकडे दिसते; शास्त्रज्ञांचा वाद आहे तो याच बारीक फरकावर, आणि तो खरा वाद आहे. सावधगिरी म्हणून नियम मात्र ‘कमी डोस, कमी पण शून्य नव्हे एवढा धोका’ असं धरूनच केलेत. माझ्या छातीवर बॅज असतो तो त्यामुळेच.

पण मॅमोग्राफीचा डोस किती? साधारण ०.४ मिलिसिव्हर्ट (शरीरावर होणारा परिणाम धरून डोस मोजायचं एकक). जमीन, आकाश, हवा आणि अन्न यांतून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. म्हणजे दोन महिने नुसतं जगण्यात जेवढं मिळतं तेवढं. आणि त्या बदल्यात हाताला लागलेली गाठ कसली आहे हे कळायला मदत होते. गाठ असताना हा हिशेब उलटा मांडून बाईला घरी बसवणाऱ्याला मी माफ करू शकत नाही.

सीटीची गोष्ट वेगळी. त्याचा डोस मॅमोग्राफीच्या कितीतरी पट असतो, आणि लहान मुलांच्या बाबतीत विनाकारण सीटी टाळायलाच हवा. तेव्हा डॉक्टरांना बेधडक विचारा: या सीटीने उपचारात काय बदलणार? सोनोग्राफीने भागेल का? मागच्या महिन्यातली फिल्म चालेल का? गरोदर असाल किंवा नुसती शंका असेल तर खोलीत शिरण्याआधी आम्हाला सांगा. ज्यांच्या गळ्यात ते पेंडंट आहे त्यांनी ते आजच काढावं, पिशवीत बांधून माणसांच्या वावरापासून दूर ठेवावं, आणि ते फोडून किंवा घासून बघू नये. ती पूड श्वासातून आत जाणं हे अंगावर घालण्यापेक्षाही वाईट.